नलूअक्काची कुलपं

बातमी आली तेव्हा मी पाचोऱ्याच्या बाजारात मेथीची जुडी निवडून घेत होते. फोन सुवर्णाचा होता, नलूअक्काच्या भाचीचा, धुळ्याहून. "मावशी, आत्या गेली," ती म्हणाली, आणि मग कसं ते सांगितलं. अलीकडे अक्का धुळ्याला भावाकडेच असायची. दुपारी जेवून ती नेहमीसारखी आडवी झाली होती, चहाला उठवायला सुवर्णा गेली तर... मी फोन पिशवीत टाकला, भाजीवालीला म्हटलं, ही दे. घरी आले, मेथी निवडायला घेतली आणि निम्मी निवडून झाल्यावर लक्षात आलं की रविवारी अक्का येणार होती म्हणून मी ही मेथी घेतली होती. तिला माझ्या हातची मेथीची भाजी लागायची. कौतुक मात्र कधी करायची नाही. "बरी शे," म्हणायची आणि दुसऱ्यांदा वाढून घ्यायची.

या गोष्टीला आता महिना उलटून गेला. सुवर्णा म्हणाली, आत्याबद्दल काहीतरी लिहा, तिची माणसं वाचतील. लिहायला बसले तेव्हा पहिली अडचण हीच आली, की अक्काने आयुष्यभर जे केलं ते दुसऱ्यांची नावं झाकण्यासाठी केलं. तिच्याबद्दल लिहायचं तर त्या माणसांबद्दल लिहावं लागतं. म्हणून ज्यांच्याविषयी लिहिते आहे त्यांना विचारून लिहिते आहे, आणि अक्का व सुवर्णा सोडून इतरांची नावं आणि गावं बदलली आहेत. तेवढं केलं नसतं तर अक्काने हा लेख वाचून चष्मा काढून टेबलावर ठेवला असता. तिचा चष्मा टेबलावर आला की समोरच्याने समजून घ्यायचं.

ती मूळची साक्रीकडच्या खेड्यातली. गणित शिकवायला जळगावला आली आणि तिथलीच झाली. कॉम्प्युटर आले तसं तिने शाळेतून लवकर बाहेर पडून एका डाळीच्या दुकानाच्या माडीवर क्लास काढला. तिच्याकडून शिकून गेलेली पोरं आजही सांगतात, की कीबोर्डवर बोटं ठेवली की त्यांना तुरीच्या डाळीचा वास आठवतो. लग्न केलं नाही. कुणी विचारलं तर म्हणायची, गणित जुळलं नाही. स्वभावाने तापट. स्वयंपाकात कच्ची, गुळाच्या खड्याबरोबर काहीही खाणारी, मालिका बघून डोळे पुसणारी आणि वर "मला काय रडू येतंय, कांदा चिरला" असं सांगणारी. कॉम्प्युटर अडला की त्याच्याशी अहिराणीत बोलायची, "काय व्हयनं रे तुले?" आणि गंमत म्हणजे तो पुष्कळदा चालूही व्हायचा.

आमची भेट झाली ती जळगावच्या एका धर्मादाय दवाखान्यात. मी तिथे समुपदेशक होते, पाचोऱ्याहून रोज रेल्वेने जायचे. एचआयव्ही झालेल्यांचे औषधोपचार आणि समुपदेशन असं आमच्या विभागाचं काम. आज हे वाचताना फारसं काही वाटणार नाही, पण तेव्हा त्या आजाराचं नाव लोक घरातही घेत नसत, "ते" म्हणत. रोग्यांची नोंद एका जाड रजिस्टरात व्हायची आणि ते रजिस्टर पुढच्या टेबलावर उघडं असायचं. डॉक्टरांनी अक्काला बोलावलं होतं ते दुसऱ्याच कामासाठी, औषधांचा साठा कॉम्प्युटरवर कसा ठेवता येईल ते विचारायला. ती पुढच्या टेबलापाशी थांबली होती. रांगेतला एक माणूस टेबलावर कोपर टेकून, उलट्या बाजूने, रजिस्टरातली नावं वाचत होता. वाईट हेतूने नव्हे, पेपर वाचावा तसा वाचत होता. अक्काने पुढे होऊन ते रजिस्टर मिटलं. आत आली आणि डॉक्टरांना म्हणाली, साठ्याचं नंतर बघू, आधी हे बघू.

त्या उन्हाळ्यात तिने आमच्यासाठी प्रोग्रॅम केला. पैसे घेतले नाहीत, घेणारही नव्हती. माहिती तक्त्यांमध्ये ठेवण्याचा जो तयार प्रोग्रॅम तेव्हा साध्या कॉम्प्युटरवर मिळायचा, त्यातच तिने सगळं बसवलं. त्या जुन्या आवृत्तीत एक सोय होती. प्रत्येक माणसाला त्याचं नाव आणि पासवर्ड देता यायचा, आणि कुणी काय बघायचं, काय बदलायचं हे तक्त्या-तक्त्यागणिक ठरवता यायचं. अक्काने त्याचा पुरेपूर उपयोग केला. मी माझ्या नावाने आत शिरले की मला माझ्याशी बोलणारी माणसं दिसायची, बाकीची नाहीत. औषधं देणाऱ्याला नंबर आणि गोळ्या दिसायच्या, नाव नाही. पुढच्या टेबलाला फक्त नंबर आणि यायची तारीख. सगळी नावं दिसायची ती एकट्या डॉक्टरांना. आम्ही कुरकुर केली. पासवर्ड विसरायचो, मग अक्काला फोन. ती एकदा म्हणाली, "घरात पाहुणा ओसरीवर बसतो, शेजारीण चुलीपाशी येते, आणि कपाटाची किल्ली आईकडे असते. यात कुणी रुसतं का?" त्यानंतर मी तरी कुरकुर केली नाही.

आधी मी तिला मॅडम म्हणायचे. माझे यजमान आजारी पडले तेव्हा मी रजेवर होते आणि ती दर एक-दोन दिवसांनी पाचोऱ्याला यायची. बोलायची काही नाही. यजमानांना क्रिकेट आवडायचं, म्हणून ती, जिला क्रिकेटचं काडीचं वेड नव्हतं, त्यांच्या पलंगाशेजारी बसून अख्खा सामना बघायची आणि मध्येच विचारायची, हा का पळतोय? यजमान हसायचे. त्यांचं शेवटचं हसणं बहुतेक तिच्याच एखाद्या प्रश्नावर होतं. ते गेल्यावर मी तिला "अक्का, तू" म्हणायला लागले. कधीपासून ते दोघींनाही सांगता आलं नसतं.

मला जी गोष्ट मुख्यतः सांगायची आहे ती त्यानंतर काही वर्षांनी घडली. अक्का मोतीबिंदूच्या ऑपरेशनसाठी धुळ्याला भावाकडे गेली होती. त्याच सुमारास दवाखान्याला एका दात्याने नवे कॉम्प्युटर दिले. जुने इतके संथ झाले होते, की चालू करून चहा पिऊन यावं. बसवणाऱ्या माणसाने नव्या मशीनवर त्याच प्रोग्रॅमची नवी आवृत्ती घातली आणि आमची जुनी फाईल नव्या पद्धतीची करून दिली. दिवसाअखेर सगळे खूश होते. फाईल झटक्यात उघडत होती. पासवर्ड नाही, नाव विचारणं नाही. औषधं देणारे काका म्हणाले, आता खरं सुधारलं.

संध्याकाळी मी अक्काला डोळ्याची चौकशी करायला फोन केला. डोळा बरा होता, पट्टी निघाली होती, काळा चष्मा लावायचा होता. बोलता बोलता मी म्हटलं, नवी मशीन छान आहेत गं, आता नावसुद्धा विचारत नाहीत.  मग तिने विचारलं, "नाव विचारत नाही, मग तू कोण म्हणून आत जातेस?" मी म्हटलं, कोण म्हणून म्हणजे काय, उघडते, जाते. "पुढच्या टेबलावर कोण बसतं?" मी सांगितलं, कविता, नवीन मुलगी. "तिला काय दिसतं?" मला माहीत नव्हतं. अक्का म्हणाली, "मी येते," आणि फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी ती पहिल्या बसने आली. काळा चष्मा, डोक्याला रुमाल, आणि मागे तिचे भाऊ, तात्या, चिडलेले, कारण डॉक्टरांनी धूळ आणि प्रवास दोन्ही बंद सांगितलं होतं. धुळे ते जळगाव रस्त्यावर तेव्हा या दोन्हींखेरीज काही नव्हतं. तिने पुढच्या टेबलावर बसून फाईल उघडली. नावांचा तक्ता उघडला. तो उघडला... त्या टेबलावरून, ज्याला फक्त नंबर दिसायचे. तिने वाचलं नाही, लगेच बंद केला. आधी कॉम्प्युटरची एकमेकांना जोडणारी वायर उपटली, आणि मग आम्हाला समजावून सांगितलं. जुन्या आवृत्तीतली ती माणसागणिक कुलपं नव्या पद्धतीच्या फाईलमधून काढूनच टाकलेली होती. जुनी फाईल नव्यात ओतली की माहिती सगळी येते, अक्षरही हरवत नाही, पण कोण काय बघणार हे ठरवलेलं सगळं मागे राहतं. नव्या फाईलला फार तर एकच पासवर्ड घालता येतो, आणि तो ज्याला माहीत त्याला सगळंच उघडं. "घर हलवलं, सामान बठ्ठं उनं, सगळं आलं, कुलपं जुन्या घराला राहिली," ती म्हणाली. प्रोग्रॅमने बहुधा तशी सूचनाही दाखवली असेल, पण सूचना कोण वाचतं? डॉक्टर त्या बसवणाऱ्या माणसाला फोन करून बोलणार होते. अक्का म्हणाली, त्याला बोलू नका. त्याला वाटलं, आत नुसती माहिती आहे. आत माणसं आहेत हे त्याला कुणी सांगितलं होतं?

दुपारपर्यंत अडगळीतून जुनं मशीन बाहेर आलं, त्यातली जुनी फाईल पुन्हा चालू झाली, पुन्हा नाव-पासवर्डाची चौकट दिसायला लागली. आम्ही सुटलो असं मला वाटलं. अक्का माझ्या खोलीत डोळ्यात औषध घालायला बसली होती, मी थेंब टाकत होते, तेवढ्यात कविता आत आली आणि तिने दार लावून घेतलं.

कविता तेव्हा तेवीस-चोवीसची असेल. शांत मुलगी, कामाला चोख. ती म्हणाली, "अक्का, मी शोधायला गेले नव्हते. एकाचा नंबर सापडेना म्हणून गावावरून शोधलं, आणि समोर नावं आली." मग तिने सांगितलं. त्यात एक नाव असं होतं, ज्याच्याशी तिच्या धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं होतं. सुपारी फुटली होती, साखरपुड्याच्या साड्या घेऊन झाल्या होत्या. माझ्या हातातली औषधाची बाटली तशीच राहिली. तो तरुण, त्याला दिनेश म्हणू या, माझ्याकडेच येत असे, पण कविता कामाला लागल्यापासून त्याची यायची तारीख आली नव्हती. शेतात ठिबकच्या नळ्या बसवायचं काम करायचा, गोळ्या वेळेवर घ्यायचा, तब्येत उत्तम होती. घरच्यांना काही माहीत नव्हतं. लग्नाची बोलणी सुरू झाल्यापासून मी त्याला सांगत होते, मुलीला आधी सांग. तो दर वेळी हो म्हणायचा. पोळा होऊ द्या, दसरा होऊ द्या. आणि हे सगळं माहीत असून मी कविताला हो किंवा नाही, काहीच सांगू शकत नव्हते. तसं सांगण्याचा मला अधिकार नव्हता, आणि समोर तिची सख्खी बहीण होती...

अक्काने डोळे मिटलेलेच ठेवले होते, औषधामुळे. तशीच बोलली. "कविता, तू पाहिलंस ते खरं की खोटं, हे मी तुला सांगणार नाही. पण साखरपुडा थोडा पुढे ढकलता येईल का, कारण न सांगता?" कविता म्हणाली, बहिणीची परीक्षा आहे, तेवढं निमित्त पुरेल. "आईलासुद्धा सांगायचं नाही," अक्का म्हणाली. "जमेल?" कविता म्हणाली, "आम्ही दोघी बहिणी एकाच गादीवर झोपतो, अक्का." अक्काने हात पुढे केला. कविताने तो धरला. जमेल, असं ती म्हणाली नाही, पण तिने निभावलं. पुढच्या आठवड्यात ती रोज कामावर यायची तेव्हा तिच्या चेहऱ्याकडे मला बघवायचं नाही.

मला वाटलं होतं, आता अक्का माझ्याकडे बघेल आणि म्हणेल, तू त्या मुलाला समजाव. तसं झालं नाही. ती म्हणाली, आपण दोघी जाऊ. आधी त्याची माफी मागावी लागेल. त्याचं नाव त्याने आपल्याकडे ठेवायला दिलं होतं, ते आपल्याकडून उघडं पडलं. मी म्हटलं, अक्का, तो लपवतोय, एका मुलीला फसवतोय, आणि माफी आपण मागायची? ती म्हणाली, ते त्याचं, हे आपलं. दोन्ही एकत्र शिजवू नकोस.

दिनेश फोन उचलत नव्हता. त्याच्या घरी जाणं शक्यच नव्हतं. त्याच्या गावच्या एसटी स्टँडच्या कँटीनमध्ये तो सकाळी चहाला येतो हे मला त्याच्याच बोलण्यातून माहीत होतं. आम्ही तिथे जाऊन बसलो. मला बघून तो दचकला, पण आला. अक्काने त्याला बसवलं आणि सरळ सांगितलं, त्याच्याच बोलीत. "भाऊ, तुन्हं नाव आमन्या हातमा व्हतं. ते आमनाकडथून उघडं पडनं. चूक आमनी शे." कुणी पाहिलं तेही सांगितलं, कारण ते त्याला कळणं भाग होतं.  म्हणाला, तुमच्यावर भरवसा ठेवला होता मी. अक्का म्हणाली, हो. एवढंच. नवी आवृत्ती, जुनी आवृत्ती, ऑपरेशन, बसवणारा माणूस, काही म्हणजे काही तिने पुढे केलं नाही. त्याने विचारलं, कविता घरी सांगणार का? "नाही सांगणार. तिने माझ्या हातात हात दिलाय. आम्हीही सांगणार नाही. सांगणारा तू एकटा आहेस." त्याचा चहा तसाच राहिला. तो उठून गेला, मोटारसायकलला किक मारताना त्याचा पाय दोनदा चुकला.

मग नुसती वाट बघणं. मला आठवतं, त्या दिवसांत अक्का धुळ्याला परत गेलीच नाही. तात्या चिडून एकटे गेले. ती माझ्याकडे पाचोऱ्याला राहिली आणि काळा चष्मा लावून ओट्यावर बसून राहायची. एकदा म्हणाली, त्याने नाहीच सांगितलं तर काय करायचं, ते मला माहीत नाही गं. तिला एखादी गोष्ट माहीत नाही असं मी तेव्हा पहिल्यांदा ऐकलं.

त्याने सांगितलं. एका सकाळी तो कविताच्या घरी गेला, घरचे शेतात होते, आणि कविताच्या देखत तिच्या बहिणीला त्याने सगळं सांगितलं. कविताने मला नंतर सांगितलं, की तिची बहीण रडली नाही. तो जायला उठला तेव्हा तिने विचारलं, "तुम्ही गोळ्या वेळेवर घेता ना?" तो हो म्हणाला. लग्न मोडलं. पत्रिकेत दोष निघाला, असं दोन्हीकडच्यांना सांगितलं गेलं, आणि खरं कारण त्या खोलीबाहेर गेलं नाही. त्या मुलीने ते आजपर्यंत कुणालाही सांगितलेलं नाही. हा लेख लिहू का असं मी कविताला विचारलं, तेव्हा तिने बहिणीला विचारलं आणि मगच होकार कळवला.

पण दिनेश आमच्याकडे यायचा थांबला. त्याच्या नंबरापुढच्या तारखा कोऱ्या राहू लागल्या. अक्काला हे फार लागलं. ती कामाला तर लागली होती. जुनं मशीन किती दिवस चालणार? साठीच्या पुढे गेलेली ही बाई पुन्हा शिकायला बसली आणि तिने सगळी रचनाच बदलली. नावांची फाईल वेगळी काढून डॉक्टरांच्या खोलीतल्या, कुणाशीही न जोडलेल्या कॉम्प्युटरवर ठेवली, तिला स्वतःचा पासवर्ड दिला, आणि बाकी मशीनवर नावं ठेवलीच नाहीत, नुसते नंबर. म्हणायची, कुलूप काढून नेलं तरी आत काही सापडू नये. त्यानंतर कॉम्प्युटरवर, बँकेत, कुणाच्या मोबाइलवर, कुठेही सूचना आली की ती मोठ्याने, शाळेतल्या आवाजात, शेवटच्या शब्दापर्यंत वाचायची. मागच्या रांगेतले लोक वैतागायचे. ती दाद द्यायची नाही.

एवढं करूनही तिचं मन त्या कँटीनकडे लागलेलं. रविवारी ती तिकडे जाऊन बसायची, एकटीच. त्याला फोन करायचा नाही, हाक मारायची नाही. तो दिसायचा, तिला बघायचा आणि निघून जायचा. मी एकदा म्हटलं, कशाला जातेस? ती म्हणाली, त्याला मला टाळायचं असेल तर टाळायला मी तिथे असायला हवी ना. असे बरेच रविवार गेले. थंडी सरत आली होती तेव्हा एका रविवारी तो येऊन तिच्या समोरच्या बाकड्यावर बसला. झालेल्या गोष्टींबद्दल एक शब्द काढला नाही. म्हणाला, "अक्का, डोया कसा शे आते?"

हे मला सांगताना अक्काने डोळे पुसले. या वेळी तिने कांद्याचं नाव घेतलं नाही. तिने त्याला सांगितलं, दिसस रे भाऊ, साफ दिसस. मग त्याने सांगितलं, की तो धुळ्याच्या सरकारी दवाखान्यातून गोळ्या घेतोय आणि एकही दिवस चुकवलेला नाही. पुढे काही महिन्यांनी तो परत आमच्याकडे आला. त्याहीनंतर त्याचं लग्न झालं, तशाच उपचारांवर असलेल्या एका मुलीशी, सगळं एकमेकांना सांगून. अक्का लग्नाला गेली होती, मुलीकडून की मुलाकडून असं कुणी विचारलं तर तिने काय सांगितलं असेल कोण जाणे.

दहाव्याला धुळ्याला तात्यांच्या घरी गर्दी झाली. क्लासची जुनी पोरं होती, नातेवाईक होते, आणि त्यांच्यात सुवर्णाला ओळखू न येणारी बरीच माणसं होती. कुणी शिरपूरकडून आलेलं, कुणी साक्रीहून, एक बाई तर मुलाला कडेवर घेऊन दोन गाड्या बदलून आली होती. तात्या प्रत्येकाला विचारत, आपण कुठले, नलूची ओळख कशी? आणि प्रत्येक जण म्हणत होता, ओळख होती. एवढंच. मी त्यातल्या बहुतेकांना ओळखत होते. दवाखान्याबाहेर ओळख त्यांनी दाखवायची, आपण नाही, हे अक्कानेच मला शिकवलं होतं, म्हणून मी खाली मान घालून बसून होते. दिनेश बायको आणि मुलीला घेऊन आला. मुलगी त्याच्या खांद्यावर झोपली होती. तो तात्यांच्या पाया पडला, फोटोला हार घातला, आणि जाताना माझ्यापाशी थांबून, सगळ्यांच्या देखत, म्हणाला, "ताई, येतो." मी त्याला लेखाबद्दल विचारलं ते नंतर, फोनवर. तो म्हणाला, लिहा, नाव नका टाकू. फोन ठेवता ठेवता म्हणाला, तिचं मात्र टाका.

आता दुपारी घर फार मोठं वाटतं. आमच्या पाचोऱ्याच्या गल्लीत दिवसा दार कुणी लावत नाही, शेजारपाजारचे सरळ आत येतात, कधी कधी स्वयंपाकघरात पोचल्यावर हाक मारतात. इतक्या वर्षांत एकट्या अक्काने असं कधी केलं नाही. दार सताड उघडं असलं, मी समोर दिसत असले, तरी ती उंबऱ्याबाहेर थांबून कडी वाजवायची आणि मी "ये" म्हणेपर्यंत चप्पल काढायची नाही. मी चिडायचे. म्हणायचे, अगं घर तुझंच आहे. ती म्हणायची, म्हणूनच विचारते. परवा दुपारी मी आत भाकरी थापत होते आणि कडी वाजली. हात पिठात होते. मी मागे न बघता म्हटलं, "ये गं, उघडंच आहे." कुणी आत आलं नाही. बाहेर जाऊन बघितलं तर कुरिअरवाला, हातात पाकीट घेऊन, उंबऱ्यापलीकडे गोंधळून उभा होता. मी पिठाच्या हातानेच सही केली. तो गेल्यावर उगीचच थोडा वेळ कडीपाशी उभी राहिले, दार लोटावंसं वाटलं नाही. तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला तेव्हा आत गेले.